निकरबॉकर बेसबॉल क्लबची स्थापना : रिकाम्या जागी कोणाचे नाव लिहावे?

हडसनकाठ

न्यू जर्सीतल्या होबोकनमध्ये वॉशिंग्टन स्ट्रीट आणि अकरावा रस्ता जिथे मिळतात तिथे एक लहानसे स्मारक आहे. १९ जून १८४६ रोजी इथल्या एलिशियन फील्ड्स नावाच्या मैदानावर निकरबॉकर क्लब आणि न्यू यॉर्क क्लब यांच्यात बेसबॉलचा सामना झाला, त्याची ती खूण. मी तिथून चालत दहा मिनिटांवर राहतो. पुढच्या महिन्यात आमच्या मराठी शाळेतली आठ ते बारा वर्षांची मुले ते स्मारक पाहायला येणार आहेत आणि त्यांच्यासाठी अर्ध्या पानाची माहिती मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. यातली निम्मी मुले लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉल स्पर्धांत, खेळतात, त्यामुळे खेळ त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो.

लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. "निकरबॉकर क्लबची स्थापना १८४५ मध्ये ______ यांनी केली." लहानपणापासून ज्यांनी इथले सामान्यज्ञान वाचले आहे ते सगळे अलेक्झांडर कार्टराइट हे नाव सांगतात. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या मानकऱ्यांच्या संग्रहालयात, १९३८ साली त्यांचा समावेश झाला आणि दोन बेसमधले (म्हणजे धावताना गाठायच्या थांब्यांमधले) नव्वद फुटांचे अंतर, नऊ डाव आणि नऊ खेळाडू हे तिन्ही त्यांनीच ठरवले, असे तिथल्या त्यांच्या फलकावर कोरले आहे. मात्र थोडे खोलात शिरल्यावर दुसरीच नावे समोर येऊ लागली. मुलांना चुकीचे नाव शिकवावे असे वाटत नाही, आणि "अनेकांनी मिळून केली" असे गुळमुळीत वाक्यही लिहावेसे वाटत नाही. जाणकारांनी मदत करावी.

दप्तरदार

क्लबचे मूळ कागद काय सांगतात ते आधी पाहू. २३ सप्टेंबर १८४५ रोजी क्लबने आपले नियम स्वीकारले. पहिले अध्यक्ष डंकन करी, उपाध्यक्ष विल्यम व्हीटन आणि चिटणीस व खजिनदार विल्यम टकर. नियमांच्या समितीवर व्हीटन आणि टकर हे दोघे होते. कार्टराइट यांचे नाव पहिल्या पदाधिकाऱ्यांत नाही. चिटणीस आणि उपाध्यक्ष ही पदे त्यांना नंतर मिळाली.

एकूण वीस नियमांपैकी चौदा प्रत्यक्ष खेळाविषयी आहेत आणि उरलेले क्लबच्या शिस्तीविषयी. पहिला नियम बॅटचाही नाही आणि चेंडूचाही नाही. सभासदांनी ठरलेली वेळ काटेकोरपणे पाळावी, असा तो आहे. दुसऱ्या नियमानुसार पंचाने सामन्याची नोंद त्यासाठी राखलेल्या वहीत करायची. त्या वह्या आज न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. या क्लबविषयी आपण आज इतके बोलू शकतो ते त्या दुसऱ्या नियमामुळे.

मैदानी

दप्तरदार, पदाधिकाऱ्यांची यादी म्हणजे स्थापनेचा इतिहास नव्हे. आपल्याकडे एखादे मंडळ स्थापन होते तेव्हा ज्याने घरोघर फिरून माणसे जमवली तो बहुधा अध्यक्ष होत नाही. अध्यक्षपद वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला दिले जाते. चार्ल्स पेव्हरेली यांनी १८६६ मध्ये छापलेल्या वृत्तांतात असे दिले आहे की, १८४५ च्या वसंतात कार्टराइट यांनी मैदानावरच रीतसर क्लब स्थापन करण्याची सूचना मांडली आणि नवे सभासद मिळवून देण्याचे आश्वासन दिले. मग व्हीटन, कार्टराइट, करी, द्युपिन्याक आणि टकर या पाच जणांनी सभासद जमवण्याचे काम अंगावर घेतले. तेव्हा या घटनेला जेमतेम एकवीस वर्षे झाली होती आणि क्लब खेळत होता, म्हणजे खोटे छापले असते तर खोडून काढणारे हयात होते. सूचना मांडणारा आणि माणसे आणणारा तो संस्थापक, असे मी मानतो. हडसनकाठ, कार्टराइट हेच नाव लिहा.

मोडीवाचक

मैदानी यांचा मुद्दा वजनदार आहे, पण व्हीटन यांची स्वतःची साक्ष त्यात बसत नाही. व्हीटन पेशाने वकील होते आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. १८८७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राला त्यांनी सविस्तर आठवणी सांगितल्या. त्यांच्या म्हणण्यानुसार १८३७ मध्येच त्यांनी आणि मित्रांनी गॉथम नावाचा क्लब काढला होता, आणि धावणाऱ्याला चेंडू फेकून मारण्याची जुनी पद्धत त्या वेळीच बंद करून चेंडू बेसवरच्या खेळाडूकडे फेकायचा, असे ठरवले होते. ते नियम व्हीटन यांनी लिहून काढले आणि पुढे निकरबॉकरने किरकोळ बदल करून तेच घेतले, असा त्यांचा दावा आहे. खेळ लोकप्रिय झाला, क्लबांत गर्दी वाढली, आणि निवडक संगतीची आवड असलेल्या काही जणांनी बाहेर पडून निकरबॉकर स्थापन केला, हेही तेच सांगतात.

म्हणजे हा क्लब शून्यातून उभा राहिलेला नाही, तो एका आधीच्या गटातून फुटून निघालेला आहे. पन्नास वर्षांनी सांगितलेल्या आठवणीला किती प्रमाण मानायचे हा प्रश्न आहेच. तरी १८४५ च्या नियमसमितीवर व्हीटन होते, हे कागदावर आहे आणि त्यांच्या आठवणीशी ते जुळते.

एकटप्पा

धावणाऱ्याला चेंडू मारणे बंद झाले हे वाचून मला आमच्या वाड्यातली आबाधोबी आठवली. ओला चेंडू पाठीवर बसला की दोन दिवस वळ दिसायचा. तिकडेही जुन्या खेळात धावणाऱ्याला असे "शेकवणे" चालत असे आणि त्याला "सोकिंग" म्हणत. लगोरीत आणि आबाधोबीत चेंडू मऊच ठेवावा लागतो, कारण तो माणसाला मारायचा असतो. एकदा मारणे बंद झाले की चेंडू घट्ट आणि कडक करता येतो, तो लांब जातो, आणि मग मैदानही मोठे लागते. माझ्या मते निकरबॉकरच्या नियमांतला सर्वांत दूरगामी नियम हाच आहे, मग तो १८३७ साली ठरलेला असो की १८४५ साली.

दुसरी गोष्ट वाचून तर मी खुर्चीत सरसावून बसलो. त्यांच्या नियमांनुसार चेंडू हवेत झेलला तरी खेळाडू बाद आणि एक टप्पा पडल्यावर झेलला तरी बाद! आमच्या गल्लीतला "एक टप्पा आऊट" न्यू यॉर्कच्या बँकांतले कारकून १८४५ साली खेळत होते. हडसनकाठ, मुलांना हे नक्की सांगा.

पाऊलवाट

न्यू यॉर्कच्या क्लबचे स्मारक नदीपलीकडे न्यू जर्सीत का, हा प्रश्न मुले विचारतीलच. ही मंडळी आधी मॅनहॅटनमध्ये मॅडिसन अॅव्हेन्यू आणि सत्ताविसावा रस्ता या भागातल्या मोकळ्या जागेवर खेळत. शहर उत्तरेकडे सरकत होते आणि मोकळी जागा घरांखाली जात होती. होबोकनची नदीकाठची जमीन स्टीव्हन्स कुटुंबाची होती आणि हडसन ओलांडणाऱ्या बोटीही त्यांच्याच. शहरातल्या माणसांनी हवा खायला पलीकडे यावे आणि बोटीचे भाडे भरावे, म्हणून त्यांनी झाडी, पायवाटा आणि हिरवळ राखून एलिशियन फील्ड्स तयार केले. निकरबॉकरने तिथले मैदान आणि कपडे बदलण्याची खोली वर्षाला पंच्याहत्तर डॉलर भाड्याने घेतली.

मला वाटते क्लब निघण्याचे खरे कारण या भाड्यात आहे. मोकळ्या माळावर खेळायला वर्गणी लागत नाही. भाडे द्यायचे म्हटले की वर्गणी आली, वर्गणी आली की खजिनदार आला, आणि खजिनदार आला की हजेरी आणि नियम आलेच. आमच्या सोसायटीतल्या बॅडमिंटनच्या गटाची "संस्था" झाली तीही कोर्टाचे भाडे भरायची वेळ आली तेव्हाच.

गिरणगाव

सर्वांचे वाचले. सगळी चर्चा बँकवाले, वकील आणि डॉक्टर यांच्याभोवती फिरते आहे, म्हणून एक नाव पुढे ठेवतो : न्यू यॉर्क मॅग्नोलिया बॉल क्लब. २ नोव्हेंबर १८४३ च्या "न्यू यॉर्क हेराल्ड"मध्ये या क्लबची जाहिरात आहे. सभासदांनी एलिशियन फील्ड्सवर जमावे, बरोबर एक वाजता खेळ सुरू होईल आणि चार वाजता चावडर मिळेल, असा तिचा आशय. चावडर म्हणजे शिंपल्यांचे किंवा मासळीचे दाटसर कालवण. म्हणजे निकरबॉकरच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, त्याच मैदानावर, पदाधिकारी असलेला आणि वृत्तपत्रात जाहिरात देणारा क्लब होता.

ही जाहिरात इतिहासकार जॉन थॉर्न यांना एकविसाव्या शतकात सापडली. तोपर्यंत मॅग्नोलिया कोणाच्या गावीही नव्हता. त्यांची माणसे दारूचे गुत्ते चालवणारी आणि शहराच्या राजकारणातली होती, प्रतिष्ठित समाजातली नव्हती. प्रतिष्ठितांनी आपला इतिहास लिहिला आणि त्यात शेजारी खेळणाऱ्यांना जागा दिली नाही. हे मला मनापासून खटकते. मुलांच्या अर्ध्या पानात एक ओळ मॅग्नोलियाची असायलाच हवी.

दप्तरदार

गिरणगाव, ही ओळ असावी याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फिलाडेल्फियाच्या ऑलिम्पिक बॉल क्लबचे नावही तिच्याशेजारी यावे. तो क्लब १८३३ चा, आणि त्याची छापील घटनाही निकरबॉकरच्या आधीची आहे, मात्र ते टाउन बॉल या भावंड खेळाचे खेळाडू होते. "पहिला क्लब" हे बिरुद निकरबॉकरला लावता येत नाही, एवढे आता स्पष्ट झाले.

तरीही निकरबॉकरचे महत्त्व मी कमी मानणार नाही. मॅग्नोलियाच्या आज थोड्याच खुणा उरल्या आहेत. निकरबॉकरच्या वह्यांत सामन्यामागून सामना नोंदलेला आहे : ६ ऑक्टोबर १८४५ ला सभासदांचेच दोन गट पाडून खेळलेला सामना अकरा विरुद्ध आठ असा संपला. १९ जूनच्या सामन्यात निकरबॉकर तेवीस विरुद्ध एक असे हरले आणि तोही आकडा तसाच लिहून ठेवला आहे. त्या दिवशी कार्टराइट पंच होते आणि शिवी दिल्याबद्दल एका खेळाडूला सहा सेंट दंड झाल्याची नोंद आहे. स्वतःचा दारुण पराभव आणि सहा सेंटांचा दंड सारख्याच निष्ठेने लिहिणाऱ्या लोकांविषयी मला आदर वाटतो.

निळीशाई

निकरबॉकर हे नाव कशावरून पडले?

मैदानी

निळीशाई, वॉशिंग्टन अर्व्हिंग यांनी १८०९ मध्ये न्यू यॉर्कचा विनोदी इतिहास लिहिला तो डीड्रिक निकरबॉकर या टोपणनावाने. तेव्हापासून जुन्या डच वळणाच्या न्यूयॉर्ककरांना तो शब्द चिकटला आणि पुढे अभिमानाने वापरला जाऊ लागला. कार्टराइट स्वयंसेवी अग्निशामक दलात होते आणि त्यातल्या एका तुकडीचे नाव निकरबॉकर होते, म्हणून क्लबला ते मिळाले, अशी परंपरागत समजूत आहे. पण गिरणगाव यांनी सांगितलेल्या मॅग्नोलियाच्या जाहिरातीतही "निकरबॉकर"चा जयजयकार आहे. शब्द शहरभर तोंडी होता, त्यामुळे केवळ नावावरून मी माझ्या बाजूचा पुरावा मांडणार नाही.

कातारकाम

अजून डॅनियल अॅडम्स यांच्याविषयी कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. न्यू हॅम्पशायरमध्ये १८१४ साली जन्म, येल आणि हार्वर्डचे शिक्षण, न्यू यॉर्कमध्ये डॉक्टरी. सगळे त्यांना "डॉक" म्हणत. १८९६ मध्ये त्यांनी दिलेली मुलाखत ज्याला हाताने वस्तू घडवण्याची आवड आहे त्याने जरूर वाचावी. त्या काळी बेसबॉलचे चेंडू दुकानात मिळत नसत. अॅडम्स स्वतः तीन-चार औंस रबराचे तुकडे घेत, त्यांवर सूत गुंडाळत आणि वर कातडे चढवत. खोगीर करणाऱ्या एका स्कॉटिश कारागिराने त्यांना चाबकाच्या वादीसाठी वापरतात ते घोड्याचे कातडे वापरायला शिकवले. कित्येक वर्षे ते आपल्या क्लबला आणि नव्या क्लबांनाही चेंडू पुरवत राहिले. बॅटी कातायला ते कातारी शोधत आणि समोर उभे राहून काम करून घेत.

त्यांचे चेंडू इतके हलके असत की लांबून फेकले तर मध्येच पडत. म्हणून लांबच्या खेळाडूंनी फेकलेला चेंडू मध्ये घेऊन पुढे पोचवणारा एक जण उभा करावा लागला. अॅडम्स यांनी १८४९-५० च्या सुमारास ती जागा आणली आणि तीच आजची शॉर्टस्टॉप. चेंडू सुधारले आणि अॅडम्स आत, बेसच्या जवळ, येऊन उभे राहू लागले. लिटल लीगमध्ये शॉर्टस्टॉप खेळणारे मूल तुमच्या गटात असेल तर त्याला ही हकीकत सांगताना त्याचा चेहरा पाहा.

दप्तरदार

त्याच मुलाखतीतला आणखी एक भाग मला फार जवळचा वाटतो. खेळायला येणारे व्यापारी, वकील आणि बँकेतले कारकून दुपारी तीननंतर मोकळे होत. अॅडम्स कित्येकदा बोटीने होबोकनला पोचत तर तिथे दोन-तीनच सभासद हजर असत, आणि मग "ओल्ड कॅट" हा दोघा-तिघांत खेळण्याचा पोरखेळ खेळून परत यावे लागे. माणसांनी यावे म्हणून त्यांना सारे वक्तृत्व पणाला लावावे लागे. क्लब स्थापन होण्याचा एक दिवस असतो, पण तो टिकतो तो अशा माणसांमुळे. १८४६ पासून उपाध्यक्ष आणि पुढे अनेक वर्षे अध्यक्ष म्हणून त्यांनी हे केले. कार्टराइट मात्र मार्च १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे निघाले, त्याच वर्षी हवाईला पोचले आणि १८९२ मध्ये होनोलुलूतच वारले.

मोजपट्टी

फलकावरच्या नव्वद फुटांविषयी. १८४५ च्या नियमांत फूट हा शब्दच नाही. होम (चेंडू मारणारा उभा राहतो ती जागा) ते दुसरा बेस बेचाळीस पावले आणि पहिला ते तिसरा बेस बेचाळीस पावले, एवढेच आहे. म्हणजे चौकोनाचे कर्ण दिले आहेत, बाजू नाही. पाऊल तीन फुटांचे धरले तर कर्ण १२६ फूट आणि बाजू सुमारे ८९ फूट येते, आणि नव्वद फूट कार्टराइट यांचे, असे म्हणणारे हाच हिशेब देतात. पण त्या काळी पाऊल हे माप अडीच फुटांचेही धरले जाई. तसे केले तर कर्ण १०५ फूट आणि बाजू सुमारे ७४ फूट. माझा अडीच फुटांवर विश्वास आहे, कारण कोणीही सहज चालत गेले तर तीन फुटांचे पाऊल पडत नाही. ते मुद्दाम लांब टाकावे लागते.

नव्वद फूट हा आकडा स्वच्छ शब्दांत १८५७ च्या क्लबांच्या परिषदेत आला. तिचे अध्यक्ष अॅडम्स होते. नऊ डाव आणि नऊ खेळाडूही तिथेच ठरले. त्याआधी एकवीस गुण आधी करणारा जिंकत असे. त्या परिषदेच्या नियमांचे हस्तलिखित २०१६ मध्ये लिलावात बत्तीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले.

मैदानी

मोजपट्टी यांचा हिशेब मी घरासमोरच्या पदपथावर बेचाळीस पावले चालून पाहिला. सहज चाललो तेव्हा शंभर फुटांच्या आसपास आलो. फलकावरची तिन्ही वाक्ये अॅडम्स आणि त्या परिषदेची आहेत, हे मला आता मान्य आहे.

मग ती कार्टराइट यांच्या नावावर कशी चढली? १९०५ मध्ये खेळाचे मूळ शोधायला मिल्स आयोग नेमला गेला. क्रीडा पत्रकार हेन्री चॅडविक म्हणत की बेसबॉल इंग्लंडच्या राउंडर्स या खेळातून आला. माजी खेळाडू आणि क्रीडासाहित्याचे व्यापारी अल्बर्ट स्पाल्डिंग यांना तो अस्सल अमेरिकन ठरवायचा होता. आयोगाने एका वृद्ध गृहस्थाच्या पत्रावर भिस्त ठेवून १९०७ मध्ये निकाल दिला की अॅब्नर डबलडे यांनी १८३९ साली कूपर्सटाउनला खेळ शोधला. डबलडे तेव्हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत शिकत होते. ती दंतकथा डळमळू लागली तेव्हाच कार्टराइट यांच्या नातवाने आजोबांसाठी कूपर्सटाउनकडे पाठपुरावा केला, आणि एका जनकाच्या जागी दुसरा जनक आला. खेळाला एकच बाप हवा, हा हट्ट मात्र तसाच राहिला.

माझे मूळ म्हणणे मी सोडलेले नाही. खेळाचा जनक नव्हे, पण क्लब काढण्याची सूचना करणारा म्हणून कार्टराइट यांचे नाव हवे.

गिरणगाव

मैदानी, हे मला पटते. आपल्या खो-खोचे उदाहरण घ्या. खेळ कोणी शोधला हे कोणी विचारत नाही, पण १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले, हे आपण आदराने सांगतो. खेळ लोकांचा असतो आणि नियमपुस्तक संस्थेचे असते.

हडसनकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी पुन्हा स्मारकापाशी जाऊन आलो आणि घरी येऊन हा मजकूर लिहिला :

"ज्या मैदानावर हा सामना झाला तिथे आता रस्ते आणि घरे आहेत. न्यू यॉर्कचे काही तरुण दुपारी तीनला काम संपवून बोटीने नदी ओलांडून इथे खेळायला येत. त्यांच्याही आधी १८४३ मध्ये मॅग्नोलिया नावाचा क्लब इथे खेळत असे आणि खेळानंतर सगळे मिळून चावडर खात. १८४५ मध्ये अलेक्झांडर कार्टराइट यांनी सुचवले की आपण रीतसर क्लब काढू. विल्यम व्हीटन आणि विल्यम टकर यांनी नियम लिहिले. डंकन करी अध्यक्ष झाले. डॉक्टर अॅडम्स यांनी या चौघांबरोबर क्लब सुरू केला आणि घरी बसून चेंडू तयार केले. धावणाऱ्याला चेंडू मारायचा नाही असे त्यांनी ठरवले. एक टप्पा पडून झेल घेतला तरी मात्र आऊट! एक वर्षाने ते इथे तेवीस-एक असे हरले आणि ते त्यांनी आपल्या वहीत लिहून ठेवले."

काही चुकले असेल तर सांगा. रविवारी छापायला देणार आहे.

दप्तरदार

दोन दुरुस्त्या. अॅडम्स स्थापनेच्या वेळी नव्हते. ते साधारण महिन्याभराने सभासद झाले, म्हणून "या चौघांबरोबर क्लब सुरू केला" हे शब्द काढून "महिन्याभराने डॉक्टर अॅडम्स आले" असे करावे. आणि सप्टेंबर १८४५ ते जून १८४६ हे नऊच महिने होतात, त्यामुळे "एक वर्षाने"ऐवजी "पुढच्या जूनमध्ये" लिहावे.

हडसनकाठ

दोन्ही बदल केले. त्या दिवशी चावडरची सोय एका पालकांनी अंगावर घेतली आहे. खेळ मात्र बरोबर एक वाजता सुरू करू.